नाताळ भारतीय रुग्णवाहक पथक

दुसऱ्या बोअर युद्धात (१८९९–१९०२) ब्रिटिश सैन्यातील जखमींना रणभूमीवरून रुग्णालयाकडे वाहून नेण्यासाठी मोहनदास करमचंद गांधी यांच्या पुढाकाराने दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीत उभारलेले भारतीयांचे पथक. ऑक्टोबर १८९९ मध्ये देऊ केलेली सेवा सरकारने प्रथम नाकारली. मात्र बोअरांनी लेडीस्मिथला वेढा घातल्यावर माणसांची निकड भासू लागली व डिसेंबरमध्ये ती स्वीकारली गेली.

रचना : पथकात सुमारे १,१०० जण होते. त्यांपैकी सुमारे ३०० स्वतंत्र भारतीय व उरलेले गिरमिटिये, म्हणजे ठरावीक मुदतीच्या मजुरीच्या कराराने बांधलेले मजूर होते. पथकाच्या नायकांनी विनावेतन काम केले. गिरमिटियांना त्यांच्या मालकांमार्फत पाठविण्यात आल्याने त्यांच्या सहभागास ‘स्वयंसेवा’ ही संज्ञा कितपत लागू पडते, याविषयी मतभेद संभवतो.

प्रशिक्षण : डरबन येथील धर्मादाय रुग्णालयाशी संबंधित डॉ. बूथ यांनी नायकांना जखमींच्या शुश्रूषेचे प्राथमिक धडे दिले. त्यांच्याच देखरेखीखालील रुग्णालयात गांधींनी यापूर्वी औषधे देण्याचे काम केले होते.

कार्य : कोलेन्सो येथील लढाईत (१५ डिसेंबर १८९९) पथक प्रथम कामास लागले. गोळीबाराच्या टप्प्याबाहेर राहूनच काम करावयाचे, अशी मूळ अट होती. परंतु स्पिऑन कोप येथील ब्रिटिशांच्या पराभवाच्या वेळी (जानेवारी १९००) ब्रिटिश सेनापती जनरल बुलर यांनी, सक्ती नसली तरी टप्प्याच्या आत येऊन जखमींना उचलल्यास सरकार आभारी राहील, असे कळविले व पथकाने ते मान्य केले. डोंगराळ प्रदेशात गाड्यांचे हादरे गंभीर जखमींना सोसवत नसल्याने त्यांना स्ट्रेचरवर, म्हणजे दोन दांड्यांमध्ये ताणलेल्या कापडी झोळीवर, आळीपाळीने खांदे बदलत न्यावे लागे, व अशी मजल दिवसाला वीस ते पंचवीस मैलांपर्यंत जाई.

साहाय्य : व्यापाऱ्यांनी साहित्य पुरविले.

मूल्यमापन : बुलर यांच्या खलित्यात पथकाचा उल्लेख आला व ३७ नायकांना युद्धपदके मिळाली. गांधींची वैयक्तिक सहानुभूती बोअरांकडे होती. तथापि ब्रिटिश प्रजाजन म्हणून हक्क मागणाऱ्यांनी त्या नात्याचे कर्तव्यही पार पाडले पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. १९०६ च्या झुलू उठावात त्यांनी पुन्हा असे लहान पथक काढले. दोन्ही प्रसंगांची पदके त्यांनी १९२० मध्ये, असहकार चळवळीच्या आरंभी, सरकारला परत केली.