लूट, लुटणे आणि जयपूरची ईसरलाट

त्रिपोलिया बाजाराजवळची ईसरलाट बघून खाली उतरलो, तेव्हा गाईडने गाव विचारलं. सातारा म्हटल्यावर तो हसला. "अच्छा, मराठे! आपके पुरखों ने तो हमें बहुत लूटा, साहब." खडकवासल्याची तीन वर्षं आणि पुढची वीसेक वर्षांची नोकरी, यांत टोमणे पचवायची सवय झाली आहे. हा मात्र घशात अडकला.

क्वार्टरवर आल्यावर हॉब्सन-जॉब्सन काढला. 1886 सालचा हा कोश म्हणजे गोऱ्या साहेबांनी हिंदुस्थानातून उचललेल्या शब्दांचं कोठार. त्यात 'लूट' आहे. आपला संस्कृत 'लुण्ट्' धातूचा शब्द, अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत शिरला. चीनची लढाई, क्रिमिया आणि 1857 या धामधुमीत तो छावण्यांतून थेट इंग्लंडात पोचला आणि तिथे त्याचं क्रियापद झालं: टू लूट. 1860 मध्ये पेकिंगचा उन्हाळी राजवाडा लुटला गेला, तेव्हा तिथून आणलेलं एक कुत्रं व्हिक्टोरिया राणीला भेट मिळालं. त्याचं नाव 'लूटी' ठेवलं होतं! निदान त्या बाबतीत तरी साहेब प्रामाणिक निघाला.

एरवी साहेबाचा शब्द वेगळा असे. कंपनीच्या फौजेने घेतलं की ते 'प्राइझ'. त्यासाठी प्राइझ एजंट नेमायचे, लिलाव करायचा, हुद्द्याप्रमाणे वाटण्या. 1817-18 च्या युद्धात पेशव्यांकडून जे मिळालं त्या 'डेक्कन प्राइझ'च्या वाटणीवरून सेनापती आपसांत इतके भांडले की प्रकरण वेलिंग्टनपर्यंत गेलं. जयपूरचंही तेच. आमची ती खंडणी, म्हणून लूट. 1818 च्या तहाने जयपूरवर बसलेली, पुढे वर्षाला 8 लाखांपर्यंत चढणारी कंपनीची रक्कम मात्र 'ट्रिब्यूट'.

इथवर मला बरं वाटत होतं. पण गाईडचं म्हणणं एवढ्याने खोटं ठरत नाही.

सवाई जयसिंह 1743 मध्ये गेले आणि ईश्वरीसिंह व माधोसिंह या भावांत गादीचा तंटा लागला. ईश्वरीसिंहाने 1747 मध्ये राजमहालची लढाई जिंकली. त्याच विजयाची ही सात मजली लाट. पण पुढच्याच वर्षी बगरूला मल्हारराव होळकर माधोसिंहाच्या बाजूने उतरले आणि ईश्वरीसिंहाला नमावं लागलं. कबूल केलेला पैसा खजिन्यात नव्हता. डिसेंबर 1750 मध्ये होळकरांची फौज वसुलीला जयपूरजवळ आली, तेव्हा या राजाने विष घेतलं. लाट पुरी होऊन फार तर दीडेक वर्ष झालं होतं.

माधोसिंह गादीवर आला. मागणी थांबली नाही. जयाप्पा शिंदेही येऊन पोचले. जानेवारी 1751 मध्ये छावणीतले मराठे हे नवं शहर, इथली देवळं बघायला आत आले असताना दरवाजे बंद झाले आणि लोक त्यांच्यावर तुटून पडले. मेलेल्यांचा आकडा हजारांत सांगतात. ज्याला आम्ही गादीवर बसवलं, त्याच्याच शहरात. शाळेत पानिपत घोकून घेतलं आमच्याकडून, हे कुणी सांगितलं नाही.

फौजी म्हणून मला इथे आपलं धोरण चुकलेलं दिसतं. होळकर एका भावाकडे, शिंदे बराच काळ दुसऱ्याकडे, आणि पुण्याला कर्ज फेडायला पैसा हवा. महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या लोकांना रयतेच्या भाजीलाही हात लावू नका, विकत घ्या, म्हणून लिहिलं होतं. शंभर वर्षांच्या आत तो धडा चंबळेपलीकडे विसरला गेला. आज आमच्या 1950 च्या आर्मी अ‍ॅक्टात लुटीसाठी घर फोडणाऱ्याला, तेही युद्धकाळात, चौदा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कायद्याचा मसुदा इंग्रजी वळणाचा, तरी शब्द 'प्लंडर' वापरलाय. 'लूट' तिथे नाही.

एक गोष्ट मात्र इंग्रजीने नेलीच नाही. आपण मजा लुटतो, आनंद लुटतो आणि दसऱ्याला सोनं लुटतो. सीमोल्लंघनाहून परतलेल्या शिलेदाराने घरी आणलेल्या सोन्याची ती आठवण म्हणतात. आता उरलंय ते पान. यंदा इथे आपटा मिळाला नाही, बायकोने कांचनाची पानं आणली. संध्याकाळी शेजारच्या राजपूत कर्नलसाहेबांकडे आम्ही ती घेऊन गेलो. सोनं लुटायचं म्हणजे काय ते मी समजावून सांगितलं.

त्यांनी पान हातात घेतलं, मिशीला पीळ दिला आणि म्हणाले, "तो इस बार देने आए हो? बैठो, चाय पियो. दरवाज़ा खुला रखता हूँ."