मेंदीचे कुंपण आणि कलम १२०२

कुंपणाला लावलेल्या कुठल्याही झुडपाला आपल्याकडे सरसकट 'मेंदी' म्हणतात. कोयनेल असो की पिवळा डुरांटा, ती छाटायला येणारा माणूस 'मेंदी कापायला' आलेला असतो. खरी मेंदी, जिची पाने वाटून हाताला लावतात, ती आता कुंपणाला क्वचित दिसते. झाड गेले, नाव मागे राहिले. त्यावरून मला वाटते, घराभोवती आडोसा करण्यासाठी एकेकाळी लोकांची पसंती या झाडालाच असावी. मुळे धरली की ती फारसे पाणी मागत नाही, उन्हाळ्यात तग धरते, कापावी तितकी दाट होते. ईदला घरातल्या मुलींच्या हातांची सोय होते ती वेगळीच.

'पडदा' म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर फक्त बुरखा येतो. घराच्या आडोशाची गरज मात्र कुठल्या एका समाजाची नव्हती. न्हाणी परसात, चूल अनेकदा अंगणात, भांडी विहिरीजवळ. देशमुख-पाटलांच्या वाड्याला उंच भिंत असायची. विणकर, पिंजारी, शेतमजूर यांना ती कुठून परवडणार? त्यांच्या वाट्याला काटेरी फांद्यांची वई यायची किंवा जिवंत झुडपांचे कुंपण. वई दरवर्षी नव्याने घालावी लागते. म्हणून एकदा लावले की पुन्हा बघावे लागू नये, शेळीने तोंड लावू नये, अशी झाडे लोकांनी हुडकून काढली. शेर, त्रिधारी निवडुंग, घायपात आणि मोगली एरंड.

या मोगली एरंडाची गंमत सांगण्यासारखी आहे. तो मूळचा अमेरिका खंडातला. पोर्तुगीज व्यापाऱ्यांमार्फत तो आशिया-आफ्रिकेत पसरला, असे मानले जाते. मोगलांचा त्याच्याशी काही संबंध दिसत नाही. पण बाहेरून आलेल्या वस्तूला 'विलायती', 'फिरंगी' नाहीतर 'मोगली' म्हणून मोकळे होण्याची आपली सवय जुनी आहे. मोगलांच्या नावावर खपलेल्या गोष्टींच्या यादीत हे एक झाडही आहे! त्याच्या बिया विषारी असतात, एवढे मात्र लहान मुले असलेल्या घराने लक्षात ठेवावे.

बिनदेखभालीच्या झाडाची दुसरी बाजू फड्या निवडुंगाने दाखवली. तोही अमेरिकेतलाच. या निवडुंगावर जगणाऱ्या एका किड्यापासून लाल रंग मिळतो आणि ईस्ट इंडिया कंपनीला तो धंदा हवा होता. १७९५ मध्ये ब्राझीलहून किडा आणला गेला. तो उत्तम रंग देणाऱ्या जातीचा नव्हताच. रंगाचा धंदा काही जमला नाही, पण किड्याने दक्षिणेतल्या निवडुंगाच्या एका जातीचा फडशा पाडला. दुसऱ्या जातीला त्याने हात लावला नाही. ती कुंपणे सोडून गायरानात, पडीक रानात पसरत गेली. तिला आवरायला १९२६ मध्ये श्रीलंकेहून वेगळ्या जातीचा किडा आणावा लागला. घाणेरीची कथाही याच वळणाची. शोभेसाठी म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली, आणि आज देशभरच्या जंगलांना तिने वेढले आहे. ज्या झाडाला माळी लागत नाही, त्याला कुंपणाची हद्दही कळत नाही.

कुंपणाचा इतिहास लिहिणारे बहुतेक लोक इंग्रजांच्या मिठाच्या कुंपणाबद्दल लिहितात. मिठावरचा कर चुकवून कोणी पलीकडे जाऊ नये म्हणून पंजाबापासून बुऱ्हाणपूरच्या परिसरापर्यंत बोर, बाभूळ, करवंद, निवडुंग यांची काटेरी रांग वाढवली गेली. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ॲलन ह्यूम त्या खात्याचे आयुक्त होते. १८७९ मध्ये तो सगळा खटाटोप सोडून दिला गेला. ती झाडे माणसाला अडवायला लावली होती. घराच्या कुंपणाला कोणाला अडवायचे नसते, फक्त नजर अडवायची असते. या फरकाचा नीट विचार मला एका कायद्याच्या पुस्तकात सापडला.

ते पुस्तक म्हणजे उस्मानी साम्राज्याचा 'मजल्ला'. अहमद जेवदत पाशांच्या अध्यक्षतेखालील मंडळाने १८६९ ते १८७६ या काळात हनफी फिकहच्या आधारे हा दिवाणी कायदा कलमवार लिहून काढला. एकूण १८५१ कलमे. साम्राज्य बुडाल्यावरही तो अनेक देशांत चालू राहिला. इस्रायलने तो औपचारिकरीत्या रद्द केला तो १९८४ मध्ये. आपल्याकडे घाटावर बहुतेक हनफी, कोकणात शाफई. तरी हा ग्रंथ फारसा कोणाच्या वाचनात येत नाही. आला तरी शेजाऱ्यांविषयीच्या प्रकरणापर्यंत कोण जातो?

कलम १२०२ असे सांगते, की स्वयंपाकघर, विहिरीची जागा, घराचे अंगण अशा बायकांच्या वावराच्या जागा शेजारच्या खिडकीतून दिसत असतील तर ते मोठे नुकसान समजावे आणि ते दूर करायला लावावे. पुढे एक बारीक तरतूद आहे. कोणाचे कुंपण फांद्यांचे असेल आणि फटींतून पलीकडच्या बायका दिसत असतील, तर मालकाला फटी बुजवायला सांगता येईल. मात्र ते पाडून भिंत बांध, अशी सक्ती करता येणार नाही. त्यामागे कलम २२ चे तत्त्व आहे: गरज असेल तेवढीच मुभा. नजर अडली की हक्क संपला. दुसऱ्या एका कलमात फळझाडावर चढणाऱ्याची गोष्ट आहे. झाडावरून शेजारचे अंगण दिसत असेल, तर चढण्याआधी दरवेळी शेजाऱ्यांना खबर द्यायची! आणि कलम ११९६ नुसार फांद्या शेजारच्या हद्दीत गेल्या तर त्या बांधून घ्यायला किंवा कापायला लावता येतात, पण सावली पडते एवढ्या तक्रारीवर झाड तोडता येत नाही.

मी सोलापूरच्या हद्दवाढ भागात राहतो. इथे प्लॉट छोटे, घरे एकमेकांना लागून, वस्ती मिश्र. गेल्या काही वर्षांत कंपाउंडच्या भिंती पाच फुटांवरून आठ फुटांवर गेल्या आहेत, काहींवर काचा बसल्या आहेत. प्रत्येक जण 'प्रायव्हसी' हेच कारण सांगतो. सगळ्यांच्या मनात तेवढेच असते, यावर माझा विश्वास नाही. दंगलीच्या बातमीनंतर वाढलेल्या भिंती मी पाहिल्या आहेत, त्यात आपल्याही लोकांच्या आहेत. झुडपाच्या कुंपणापलीकडून शेवग्याच्या शेंगा देता येतात, ताप उतरला का म्हणून विचारता येते. आठ फुटी भिंतीला त्यासाठी मोबाइल लागतो.

आमच्या घराला तारेचे कुंपण होते. शेजारच्या कुलकर्णी काकूंच्या परसात मोरी, आमच्या परसात अम्मीचे वजूचे नळकोंडाळे. दोघींना आडोसा हवा होता, भिंत कोणालाच नको होती. नर्सरीवाल्याने बांबू सुचवला, पण तो अरुंद जागेत आवरत नाही. डुरांटाची फळे विषारी आणि शेजारी नातवंडे खेळतात. नळाला पाणी येते चार-पाच दिवसांआड, म्हणजे लाड करून घेणारे झाड नकोच. शेवटी पावसाच्या तोंडावर खऱ्या मेंदीच्या काड्या फूट-फूट अंतरावर लावल्या. जमिनीपासून दाट व्हावी म्हणून पहिल्या वर्षी दोनदा शेंडे खुडले. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला एक बादली, पुढे तेवढेही लागले नाही. मात्र तारेवर दोन वर्षे काकूंचे जुने लुगडे आणि अम्मीची चादर बांधलेली होती, झाड डोक्याइतके होईपर्यंत.