साथीचा कायदा आणि आजची बातमी : प्रस्तावना

मार्च २०२०मध्ये महाराष्ट्र शासनाने करोनासाठी जो साथरोग कायदा लागू केला, तो १८९७ सालचा होता. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी १८९६च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग ओळखला आणि पुढच्याच फेब्रुवारीत ब्रिटिश सरकारने हा कायदा करून टाकला. मूळ कायदा अवघ्या चार कलमांचा, एका तासिकेत शब्दन्‌शब्द वाचून होईल एवढाच. आज तो मोबाइलवरही वाचता येतो. इतिहास शिकवणाऱ्यांनी आणि बातमीचा अर्थ उलगडून सांगू पाहणाऱ्यांनी डिजिटल प्रकाशनांकडे वळावे, यासाठी याहून चांगले निमंत्रण मला सुचत नाही.

चौथे कलम मोठ्याने वाचायला सांगावे. या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल कोणावरही दावा लावता येणार नाही, असे ते म्हणते. आता पुण्यातली घराघरांची झडती, सक्तीने रुग्णालयात नेलेली माणसे आणि २२ जून १८९७च्या रात्री तिथले प्लेग अधिकारी रँड यांच्यावर झाडलेली गोळी वर्गाला वेगळी दिसू लागते. पाठ्यपुस्तकातल्या दोन ओळींमागे कायद्याची यंत्रणा उभी होती, हे मुले स्वतः शोधून काढतात. शिक्षकाने सांगून तो परिणाम साधत नाही.

मग छायाचित्रे. वेलकम कलेक्शनच्या संग्रहात मुंबईतल्या प्लेगची छायाचित्रे आहेत. त्यांत प्लेगच्या मृत्यूची खूण म्हणून भिंतीवर वर्तुळे रंगवलेली घरे दिसतात. २०२०मध्ये महाराष्ट्रात ज्यांना घरी विलगीकरणात राहायचे होते त्यांच्या डाव्या हातावर शिक्का मारला जात होता, तो विद्यार्थ्यांच्या घरच्यांना आठवत असतो. आजार सर्वांना दिसेल अशी खूण करण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न इथे आपोआप निघतो. मात्र साम्य सापडले की तिथेच थांबण्याचा मोह आवरायला हवा. प्लेगच्या वेळी परकी सत्ता होती, मते देऊन निवडलेले सरकार नव्हते. २०२०मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली, ती आरोग्य कर्मचाऱ्यांना हल्ल्यांपासून संरक्षण देण्यासाठी. हा फरक समजावणे हेच खरे शिकवणे.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. पडद्यावर जे सहज सापडते, ते बहुधा साहेबाचे म्हणणे असते. जनरल गॅटेकर यांचा मुंबईच्या प्लेगवरचा अहवाल छापील इंग्रजीत आहे. त्यातला शब्द शोधयंत्राला लगेच मिळतो. जुन्या मराठी खिळ्यांतला मजकूर शोधताना यंत्र अडखळते आणि मोडीतली दप्तरे तर बहुतांश त्याच्या आवाक्याबाहेर राहतात. म्हणून अहवालाशेजारी दुसरा आवाज मुद्दाम आणून ठेवावा लागतो. पुण्यातल्या प्लेग रुग्णालयात स्त्रियांच्या होणाऱ्या हालांविषयी पंडिता रमाबाईंनी १८९७मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’ला पत्र लिहिले. ‘केसरी’तल्या लेखनावरून त्याच वर्षी टिळकांना राजद्रोहाची शिक्षा झाली. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ला सावित्रीबाई फुले गेल्या. तिघांची कहाणी अहवालाच्या आकड्यांपुढे ठेवली की ते आकडे कोणी, कोणासाठी मांडले, हे विचारायची सवय लागते.

चित्र कुठून घेतले, मूळ नोंदीत त्याचे वर्ष व ठिकाण काय दिले आहे, हे वहीत उतरवून घेतल्याशिवाय ते वर्गात दाखवू नये, असे माझे ठाम मत आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत आलेल्या चित्राला ना तारीख असते ना ठिकाण. त्यातून इतिहासही कळत नाही, बातमीही नाही.

आणखी एक काम तातडीचे आहे. करोनाच्या काळात ग्रामपंचायतींची, गृहनिर्माण संस्थांची, शाळांची कितीतरी पत्रके फक्त मोबाइलवरून फिरली. फोन बदलले, गट बंद झाले, पत्रके गेली. जी उरली आहेत ती विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातून गोळा करावीत आणि प्रत्येकावर तारीख, गाव व काढणाऱ्या संस्थेचे नाव लिहावे. खासगी माणसांची नावे झाकून शाळेच्याच एका डिजिटल अंकात ती छापावीत.