दस्तऐवज निवडखिडकी : फाइल-प्रकाराची मर्यादा

मोबाइल अ‍ॅपमध्ये फाइल जोडताना ठरावीक प्रकारच्याच फाइली निवडता याव्यात, यासाठीची व्यवस्था. अँड्रॉइडमध्ये २०१३ च्या ४.४ आवृत्तीपासून ही खिडकी प्रणालीच पुरवते. अ‍ॅप तिला फक्त हवा तो ‘माइम’ प्रकार (फाइल-प्रकाराचे प्रमाणित नाव) कळवते, उदा., ‘अ‍ॅप्लिकेशन/पीडीएफ’. प्रकार अनेक असल्यास त्यांची यादी वेगळी द्यावी लागते. आयओएसमध्ये १४ व्या आवृत्तीपासून (२०२०) फाइल-प्रकार कळवण्यासाठी ‘यूटीटाइप’ आहे. न बसणाऱ्या फाइली सहसा फिकट दिसतात.

ही गाळणी मात्र वरवरची. प्रकार बहुधा फाइलीच्या नावाअखेरच्या अक्षरांवरूनच ठरतो. त्यामुळे नाव बदललेले छायाचित्रही पीडीएफ म्हणून खपून जाते. खरी तपासणी सर्व्हरवर करावी लागते : अस्सल पीडीएफच्या आरंभीच्या बाइटांत टक्केचिन्ह आणि ‘पीडीएफ’ ही रोमन अक्षरे असतात.