पाऊस, पीक आणि न्याय : बायबलमधील कृषिप्रतिमांचा एक विचार

बायबलातील कथा गोमंतकाच्या भूमीत मराठी ओवीचे रूप घेऊन अवतरल्यास आता चार शतके उलटून गेली आहेत. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ इ. स. १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. त्याचा पूर्वार्ध जुन्या कराराचा, तर उत्तरार्ध येशूच्या चरित्राचा. इतक्या दीर्घ शेजारानंतरही त्या मूळ ग्रंथाच्या अंतरंगाशी आमच्यापैकी फार थोड्यांचा परिचय असतो. म्हणून त्यातील एकच धागा आम्ही येथे हाती घेत आहोत. पीक बुडणे हा ईश्वराचा निवाडा आणि कापणी म्हणजे न्यायाची घटका, ही कल्पना त्या ग्रंथात कोठून आली, ती कोणाविरुद्ध उच्चारली गेली आणि पुढे तिचे काय झाले, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम भूमीचा विचार केला पाहिजे. इजिप्तचा शेतकरी नाईलच्या पुरावर जगे. पॅलेस्टाइनच्या डोंगराळ भागात तशी नदी नाही. तेथील शेती सर्वस्वी आकाशावर अवलंबून. जेरुसलेमला वर्षाकाठी सुमारे ५५० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतांशी हिवाळ्यात. शरद ऋतूतील पहिल्या सरींनी जमीन नांगरटीस मऊ होते आणि वसंतातील अखेरच्या सरींनी दाणा भरतो. या दोन्ही पावसांना हिब्रू भाषेत वेगवेगळी नावे आहेत. त्यांपैकी एक जरी चुकला तरी वर्ष फुकट जाते. ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या अकराव्या अध्यायात हाच भेद स्पष्ट मांडला आहे. इजिप्तमध्ये मनुष्य स्वतःच्या श्रमाने पाणी फिरवतो, पण या नव्या देशाला आकाशच पाणी पाजते. म्हणून येथे राहणाऱ्याने ईश्वराशी केलेला करार पाळला पाहिजे. पर्जन्यावर पोसलेल्या समाजाचा धर्मविचार पर्जन्याच्या भाषेत बोलला, यात नवल ते काय?

त्या शेतीचे वर्ष कसे फिरे याचा एक बोलका पुरावा उपलब्ध आहे. इ. स. १९०८ मध्ये मॅकॅलिस्टर या उत्खननकाराला गेझेर येथे चुनखडीची एक लहानशी पाटी सापडली. ती इ. स. पू. दहाव्या शतकातील मानली जाते. तिच्यावर बारा महिन्यांची कामे ओळीने कोरलेली आहेत : फळे गोळा करण्याचे दोन महिने, पेरणीचे दोन, उशिराच्या पेरणीचे दोन, मग जवस, जव आणि उरलेली कापणी यांचा एकेक, नंतर द्राक्षवेलींच्या निगेचे दोन, आणि सर्वांत शेवटी उन्हाळी फळांचा एक. या शेवटच्या महिन्याचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे एका संदेष्ट्याने त्याच शब्दाचे शस्त्र केले.

पीक बुडण्याचा शाप ही काही केवळ इस्रायलची कल्पना नव्हे. असीरियाचा सम्राट एसरहद्दोन याने इ. स. पू. ६७२ मध्ये आपल्या वारसाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ मांडलिकांकडून घेतली. त्या करारनाम्याच्या मृत्तिकापाट्या इ. स. १९५५ मध्ये निमरूद येथे सापडल्या. करार मोडणाऱ्याची जमीन लोखंडासारखी होवो आणि पितळेच्या आकाशातून पाऊस गळत नाही तसा त्याच्या शेतावर न गळो, असा शाप त्यांत आहे. ‘अनुवाद’च्या अठ्ठाविसाव्या अध्यायात पितळेचे आकाश आणि लोखंडाची भूमी ही जोडी पुन्हा भेटते. हे साम्य आकस्मिक नसावे, असे अनेक पंडितांचे मत आहे. फरक एवढाच, पण तो फार मोठा, की असीरियात ही निष्ठा सम्राटाच्या चरणी वाहायची होती. इस्रायलमध्ये ती कोणत्याही राजाच्या वाट्यास आली नाही. तेथे राजाही त्याच कराराखाली उभा होता.

याची साक्ष एलीयाच्या कथेत मिळते. इ. स. पू. नवव्या शतकात अहाब राजाने सीदोनची राजकन्या ईजबेल हिच्याशी विवाह केला आणि बआल या पर्जन्यदेवतेच्या उपासनेला राजाश्रय दिला. अशा वेळी एलीया पाऊस थांबल्याची घोषणा करतो. पाऊस देणारा खरा कोण, हाच तेथे वादाचा विषय होता. परंतु आम्हांस त्या कथेतील एक लहान तपशील अधिक महत्त्वाचा वाटतो. दुष्काळ तिसऱ्या वर्षात पोहोचला असता राजा स्वतः झऱ्याझऱ्याने हिंडतो, ते घोड्यांना आणि खेचरांना गवत मिळावे म्हणून! असीरियाच्या तिसऱ्या शल्मनेसरच्या शिलालेखात इ. स. पू. ८५३ च्या कर्कर येथील युद्धात अहाबाच्या नावे २,००० रथ नोंदले आहेत. आकडा अतिशयोक्त असेलही. पण राजाला घोड्यांची चिंता का होती हे त्यावरून उमगते. त्याच वेळी सारफथ येथील एक विधवा मूठभर पिठाची शेवटची भाकर करण्यासाठी काटक्या वेचत असते. तीही बआलच्याच मुलखातली. तरी संदेष्टा तिच्या दारी जातो. निवाडा राजावर होता, पण भूक तिच्या वाट्यास आली होती, हे कथाकाराच्या नजरेतून सुटलेले नाही.

इ. स. पू. आठव्या शतकातील संदेष्ट्यांनी ही प्रतिमा अधिक धारदार केली. यशयाने द्राक्षमळ्याचे रूपक योजले. धन्याने जमीन खणली, गोटे वेचले, उत्तम वेली लावल्या, आणि फळ आले ते रानटी. लगेच पुढे तो घराला घर आणि शेताला शेत जोडत जाणाऱ्या धनिकांकडे वळतो. त्यांच्या वाट्यास येणारी शिक्षा मोजून दिलेली आहे : एक होमर बी पेरले तर पीक येईल एक एफा. होमर म्हणजे दहा एफा. दहा मापे पेरून एक माप घरी न्यावे, असा हा निवाडा. ज्या जमिनीसाठी शेजाऱ्याला देशोधडीस लावले, तीच जमीन धान्य द्यावयास नकार देते.

आमोस हा तकोवाचा, मेंढरे पाळणारा आणि उंबराच्या जातीच्या फळांची निगा करणारा. कापणीला तीन महिने उरले असता पाऊस थांबणे, एका गावावर पडून दुसरे गाव कोरडे राहणे, पिकावर तांबेरा पडणे, टोळधाड येणे, हे सारे तो शेतकऱ्याच्या अचूकपणाने सांगतो. मग त्याला उन्हाळी फळांची टोपली दिसते. गेझेरच्या पाटीवरील शेवटच्या महिन्याचा तोच हा शब्द. त्याचा उच्चार हिब्रूतील ‘अंत’ या शब्दाशी जुळतो. हंगाम संपला, तसे राज्यही संपले, हा त्या श्लेषाचा आशय. कोणामुळे? तर माप लहान आणि वजन मोठे करून गव्हाचा भुसा गरिबाला विकणाऱ्यांमुळे. आमोसचे आरोपपत्र बाजारातील तराजूपाशी लिहिलेले आहे.

देवालयाशी नाते असलेल्या आमच्या वाचकांस हाग्गयचे प्रकरण विशेष मननीय वाटेल. बाबिलोनच्या बंदिवासातून परतलेले लोक चांगली घरे बांधून राहिले, पण मंदिर भग्नावस्थेतच होते. इ. स. पू. ५२० मध्ये हाग्गयने त्यांस बजावले की, पीक कमी येते ते याचमुळे. ‘उजाड’ आणि ‘अवर्षण’ हे हिब्रू शब्द त्याच तीन व्यंजनांचे. त्यांचा त्याने मार्मिक उपयोग केला. मंदिर इ. स. पू. ५१५ मध्ये पूर्ण झाले. येथे मात्र एक धोका दिसतो. धर्मस्थानासाठी द्रव्य हवे असता पाऊस रोखला जाण्याचे भय घालणे कोणत्याही पुजाऱ्यास सोपे आहे. आमोसचा न्याय आणि हाग्गयची हाक यांच्यात हे अंतर आहे, आणि दोन्हीही त्याच ग्रंथात शेजारी शेजारी उभे आहेत.

त्याच ग्रंथाने या विचाराला आव्हानही दिले. ईयोब निर्दोष असून सर्वस्व गमावतो. तू पाप केले असशीलच असे म्हणणाऱ्या मित्रांना शेवटी ईश्वरच चुकीचे ठरवतो. दुष्टांची मुळे खोल का जातात, असा प्रश्न यिर्मया थेट ईश्वरालाच विचारतो. येशूने सांगितले की पाऊस सज्जनांवर आणि दुर्जनांवर सारखाच पडतो. गव्हात उगवलेल्या निदणाच्या दृष्टांतात तो उपटण्याची घाई करणाऱ्या चाकरांना थांबवतो. ते तण कोवळेपणी गव्हासारखेच दिसते, म्हणून निवड कापणीपर्यंत लांबते आणि ती करण्याचा अधिकार चाकरांना नसतो. फळ न देणाऱ्या अंजिरालाही माळी आणखी एक वर्ष मागून घेतो. न्यायाची प्रतिमा कायम राहिली, पण विळा मनुष्याच्या हातातून काढून घेतला गेला.

आमच्या परंपरेसही हा प्रश्न अपरिचित नाही. वडील बंधू देवापीला डावलून शंतनू राजा झाला म्हणून बारा वर्षे पाऊस पडला नाही, ही कथा यास्काने निरुक्तात दिली आहे. अंगदेशीचे अवर्षण आणि ऋष्यशृंग ही रामायणातील कथा तर सर्वश्रुत आहे. तेथेही दोष राजाच्या माथी आहे, नांगरधाऱ्याच्या नव्हे. अलीकडच्या इतिहासात १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर महात्मा गांधींनी तो अस्पृश्यतेच्या पापाचा दंड असल्याचे म्हटले, आणि रवींद्रनाथ ठाकुरांनी त्याचा जाहीर प्रतिवाद केला. गांधींनी आपल्याच समाजाकडे बोट दाखवले होते, हे संदेष्ट्यांच्या रीतीस धरूनच होते. पण ढिगाऱ्याखाली मेलेल्यांत अस्पृश्यही होते, आणि रवींद्रनाथांचा आक्षेप ईयोबाच्या आक्षेपाहून फार दूरचा नव्हता.

आज अवर्षणाची कारणे हवामानशास्त्र सांगते, आणि ती आम्ही तेथूनच घ्यावीत. पण पाऊस का पडला नाही हा एक प्रश्न. तो न पडल्यावर उपाशी कोण राहिले आणि कोठारे कोणाची भरलेली होती, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाला त्या प्राचीन संदेष्ट्यांनी दिलेले उत्तर आज कोणी स्वीकारो वा न स्वीकारो, दुसरा प्रश्न त्यांनी ज्यांना विचारला त्यांच्याच वारसांना तो अजून विचारावा लागतो. गोव्यात भाताची नवी कणसे देवळांत आणि चर्चमध्ये आजही भक्तिभावाने नेली जातात. जुन्या करारातही पहिली पेंढी देवापुढे नेण्याची आज्ञा आहे. आणि त्याच अध्यायात, तेवढ्याच निश्चयाने, शेताचे कोपरे गरिबांसाठी आणि परक्यांसाठी न कापता सोडण्याचीही आज्ञा आहे. पहिली आज्ञा आम्ही सर्वांनी जपली आहे. दुसरीचा हिशेब प्रत्येक कापणीला नव्याने द्यावयाचा असतो.