बॉयलरवर कोण होते?

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो डिसेंबर २००७ मध्ये. महापरिनिर्वाण दिनासाठी बिद्रीहून आम्ही काही पोरे चैत्यभूमीला निघालो होतो आणि एक दिवस आधीच मुंबईत पोचलो होतो. नौदल सप्ताह चालू होता. ‘विक्रांत’ ही जुनी विमानवाहू युद्धनौका संग्रहालय म्हणून लोकांना पाहायला मिळते, असे कुणीतरी सांगितले. मी बी.ए.ला इतिहास घेतलेला. पुस्तकाबाहेरचा इतिहास डोळ्यांनी पाहण्याची ती पहिलीच वेळ, म्हणून रांगेत उभा राहिलो.

नौका सातशे फूट लांब. आमची अख्खी वस्ती तिच्या डेकवर मावली असती आणि तरी जागा उरली असती. हँगरमध्ये विमाने, छायाचित्रे आणि नौकांच्या प्रतिकृती मांडल्या होत्या. या नौकेची बांधणी १९४३ साली इंग्लंडमध्ये ‘हर्क्युलिस’ या नावाने सुरू झाली. महायुद्ध संपल्यावर काम अर्धवट पडले. १९५७ साली भारताने ती विकत घेतली, ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे ती ‘विक्रांत’ म्हणून नौदलात दाखल झाली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मुंबईला आली. १९७१च्या युद्धात तिच्यावरून उडालेल्या विमानांनी चितगाव, कॉक्स बाजार येथे हल्ले केले. ३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली. हे सारे मी वहीत उतरवून घेतले. छाती भरून आली होती, हे नाकारत नाही.

गावी परतल्यावर हे सगळे आबांना सांगितले. आबा साखर कारखान्यात हंगामी कामगार. आयुष्य बॉयलर हाऊसमध्ये बगॅस ओढण्यात गेलेले. मी विमानांचे सांगत होतो, कप्तानाचे सांगत होतो. ते शांतपणे ऐकत होते. एवढी मोठी नौका चालते कशावर, असे त्यांनी विचारले. वाफेवर, मी म्हणालो. तेव्हा त्यांनी विचारले, “मग बॉयलरवर कोण हुतं?”

मला उत्तर देता आले नाही. माझ्या वहीत ते नव्हते. आम्ही पाहिले ते हँगर आणि डेक. बॉयलर त्याच्या खाली होते.

पुढे शिकत गेलो तसे कळले की आबांचा प्रश्न भाबडा नव्हता. १९७१च्या युद्धाच्या वेळी ‘विक्रांत’च्या चार बॉयलरांपैकी एकाला तडे गेले होते. उरलेल्या तीन बॉयलरांवर, वेग कमी करून ती बंगालच्या उपसागरात नेण्यात आली. याचा अर्थ एवढाच की वरच्या डेकवरचे शौर्य खालच्या डेकवरच्या माणसांच्या हाती होते. तडा गेलेल्या बॉयलरशेजारी काम करणे म्हणजे काय, हे आबांना कुणी समजावून सांगायला नको होते. शौर्यपदके मिळवणाऱ्यांविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण खाली घाम गाळणाऱ्यांचे नाव विचारणे हा त्या आदराचा अवमान कसा होईल?

जहाज हे तरंगते गावच असते. गावात गावकुसाबाहेरची वस्ती असते, तशी जहाजातही असते. वाफेच्या जहाजांच्या काळात गोऱ्या कंपन्यांच्या बोटींवर हिंदी खलाशांची उतरंड होती. वर सारंग, त्याखाली टिंडेल. भट्टीपुढे आगवाला, कोळसा वाहणारा कोयलावाला. आणि सगळ्यांच्या तळाशी टोपास. टोपास म्हणजे संडास-मोऱ्या साफ करणारा. हा शब्द पोर्तुगीज काळातला. आरंभी तो पोर्तुगीज वंश सांगणाऱ्या काळ्या शिपायांसाठी वापरला जाई. पुढे जहाजावर त्याचा अर्थ झाडूवाला असा झाला. रॉयल इंडियन नेव्हीत टोपास हा रीतसर हुद्दा होता. स्वातंत्र्यानंतर नाव बदलले, ‘हायजिनिस्ट’ झाले. या जागेसाठी कित्येक वर्षे सहावी पास एवढीच पात्रता मागितली जाई आणि कामाच्या वर्णनात न्हाणीघरे व स्वच्छतागृहे यांची सफाई असे. शब्द बदलला, झाडू बदलला नाही.

बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले होते की जात नुसती कामे वाटत नाही, ती काम करणारी माणसेच एकमेकांपासून तोडते. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो असे सवर्णांचे शास्त्र सांगत होते. धर्म बुडाला की नाही ते त्यांनाच ठाऊक, जात मात्र बुडाली नाही. ती पोटातळी बसून बोटीबरोबर गेली.

खालच्या डेकने एकदा तोंड उघडले होते. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’ या नाविक तळावर निकृष्ट अन्न आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची शिवीगाळ यांविरुद्ध संप सुरू झाला आणि बघता बघता तो अनेक नौकांवर पसरला. भाकरी आणि माणूसपण, या दोनच गोष्टींसाठी तो भडका उडाला होता. आपल्या चळवळीला हे दोन शब्द परके नाहीत.

संग्रहालयाला हे दाखवता येत नाही, असे कुणी म्हणेल. स्वीडनमधील स्टॉकहोमचे उदाहरण पाहावे. मी ते पाहिलेले नाही, वाचले आहे. तिथल्या राजाची ‘वासा’ ही युद्धनौका १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीत बंदरातच बुडाली. ३३३ वर्षांनी, २४ एप्रिल १९६१ रोजी, ती समुद्रतळातून वर काढली. त्याच वर्षी आपली ‘विक्रांत’ नौदलात आली होती. ‘वासा’ राजाच्या वैभवासाठी बांधली होती. पण आज तिच्या संग्रहालयात तोफांबरोबर साध्या माणसांचे बूट, चमचे, लाकडी पेट्याही मांडलेल्या आहेत. सापडलेल्या सांगाड्यांचा अभ्यास अजून चालू आहे. एका सांगाड्याला वर्षानुवर्षे पुरुष समजत होते. २०२३ साली डीएनए तपासणीने ती बाई असल्याचे सिद्ध झाले. चारशे वर्षांपूर्वीच्या एका अनामिक बाईचा शोध घेण्याइतकी आच एखाद्या समाजाला असू शकते.

आपल्या ‘विक्रांत’चे काय झाले? २०१२ साली ती धोकादायक ठरवून लोकांसाठी बंद केली. २०१४ साली सुमारे साठ कोटी रुपयांना भंगारात विकली. सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला वाद संपल्यावर नोव्हेंबरात दारूखान्यात तिची तोडणी सुरू झाली. गॅस कटर हातात धरून तो पोलादी पत्रा कापणारे मजूर पोटासाठी मुंबईत आलेले. नौकेच्या जन्माच्या नोंदी आहेत. तिच्या मरणाला हात लावणाऱ्यांच्या नावांची नोंद कुठल्या फलकावर आहे? पुढे तिच्या पोलादातून मोटारसायकल निघाली. २०१६ साली मी तासिका तत्त्वावर शिकवत होतो. एक विद्यार्थी ती गाडी घेऊन आला आणि अभिमानाने म्हणाला, “सर, हिच्यात विक्रांत हाय.” मी टाकीवर हात ठेवला. गरम होती. आबांचा प्रश्न पुन्हा आठवला.

आता माझी गोष्ट. आबा २०१९ साली गेले. बत्तीस हंगाम त्यांनी आगीपुढे काढले. रात्रपाळीत काय खात होते, भाजल्यावर काय लावत होते, हंगाम संपल्यावर घर कसे चालवत होते, ओळीत पाणी प्यायला त्यांना पुढे घेत होते की मागे ठेवत होते, यातले मी काही लिहून ठेवले नाही. मी इतिहासाचा प्राध्यापक. ‘विक्रांत’च्या तारखा मला तोंडपाठ. बापाच्या हंगामांचे एक पान माझ्याकडे नाही. संग्रहालयाला दोष देताना हा दोष मी स्वतःच्या पदरात घेतो.

गेली काही वर्षे पहिल्या वर्षाच्या मुलांना मी एकच काम देतो. घरातल्या थोरल्या माणसाजवळ बसायचे, त्याने आयुष्यभर केलेले काम त्याच्याच शब्दांत लिहून आणायचे. पहिल्यांदा मुले लाजतात. मग कुणी ऊसतोडीचे लिहिते, कुणी सुईणीचे, कुणी ढोल वाजवणाऱ्या आजोबांचे. या वह्यांचा गठ्ठा माझ्या कपाटात आहे. शिक्षक, कार्यकर्ते मित्रांनी आपापल्या गावी हे करावे. आपली म्हातारी माणसे अजून आहेत तोवरच करावे.