अमेरिकन यादवी युद्ध

(१८६१–६५). अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील उत्तर व दक्षिण राज्यांत गुलामगिरीवरून झालेले युद्ध. राज्यांचे हक्क हे कारण दक्षिणेचे कैवारी पुढे करीत आले. ते फारसे टिकत नाही. संघराज्यातून फुटून निघताना मिसिसिपी या दक्षिणी राज्याने काढलेल्या जाहीरनाम्यातच आपली भूमिका गुलामगिरीशी एकजीव असल्याची कबुली आहे. १८६० मध्ये देशात सुमारे ४० लक्ष गुलाम होते. दक्षिणेतला कापूस मुख्यतः त्यांच्याच घामावर पिके. नव्या प्रदेशांत गुलामगिरी नको म्हणणारे अब्राहम लिंकन अध्यक्ष म्हणून निवडून येताच साउथ कॅरोलायना फुटले, पाठोपाठ आणखी दहा राज्ये. १२ एप्रिल १८६१ रोजी फोर्ट समटर या उत्तरेच्या ताब्यातील किल्ल्यावर दक्षिणेने तोफा डागल्या आणि युद्धाला तोंड फुटले. जुलै १८६३ मध्ये गेटिझबर्ग व व्हिक्सबर्ग येथे दक्षिणेचे पारडे हलके झाले. ९ एप्रिल १८६५ रोजी ॲपोमॅटॉक्स येथे दक्षिणेचे सेनापती जनरल ली शरण आले. पेरणीचे दिवस म्हणून उत्तरेचे सेनापती ग्रँट यांनी दक्षिणी सैनिकांना आपापले घोडे घरी नेऊ दिले. सहा लाखांहून अधिक सैनिक दगावले, त्यांतले बहुतेक रोगराईने. डिसेंबर १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी बंद झाली. युद्धाचे पडसाद भारतातही उमटले. अमेरिकी कापूस अडकल्याने मुंबईत आलेली सट्ट्याची तेजी युद्धाबरोबरच ओसरली. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) हे पुस्तक अमेरिकेतील गुलाममुक्तीच्या पुरस्कर्त्यांना अर्पण केले.